दोस्ताचा सायलेन्सर

फिटरने स्वतःच्या गाडीचा सडका सायलेन्सर काढून भिंतीला टेकवला आणि दोस्ताच्या गाडीपुढे उकिडवा बसला. आठ महिने ती पत्र्याखाली उभी होती, आणि आठ महिने तो तिच्याकडे न बघता शेजारून जात होता. भिंतीला भिंत लागून घरं, अंगण एकच. न बघणं काही सोपं नव्हतं.

बोलावलं वहिनींनीच. "भाऊजी, तुमच्या गाडीच्या आवाजाने अख्खी गल्ली जागी होते. यांची नुसती गंजतेय. घ्या तो सायलेन्सर काढून." नवरा गेल्यापासून त्या कामापुरतंच बोलायच्या. त्यांना नाही म्हणायला फिटरची जीभ रेटली नाही.

दोस्त गेला त्या सकाळी ही गाडी सुरूच होत नव्हती. वीसेक किका मारून घामाघूम झालेला तो अंगणातून ओरडला होता, "अरे, बघ ना जरा हिला!" फिटरला पहिली पाळी गाठायची होती. "संध्याकाळी बघतो. आज बस कुणाच्या तरी मागे." दोस्त बसला, कामावरच्या एकाच्या स्कूटरवर मागे. चौकात ट्रकने उडवलं. गाडी बघायची राहूनच गेली.

नट गंजून जाम झाले होते. रॉकेल सोडलं, पाना लावला, दोन शिव्या हासडल्या, तेव्हा कुठे पहिला हलला. दोस्ताची पोरगी पायरीवर बसून बघत होती. दुसरीतली. सारखी टकळी चालू, म्हणून बापानेच तिचं नाव मिठू ठेवलेलं. आता दिवसभरात चार शब्द बोलली तरी पुष्कळ.

"काका, तो नका ना घेऊ."

"का गं?"

"दुसरीकडून आणा."

"मिठू, काकांना काम करू दे," वहिनी आतून म्हणाल्या.

पोर जागची हलली नाही. बापाची वस्तू जातेय, नकोच म्हणणार, फिटरला वाटलं. त्यालाही तो काढवत नव्हता.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, पण फिटरची चार वर्षांनी जुनी. मागच्या पट्टीचं भोक बोटभर पुढे आलं. कानशीने घासून त्याने ते लांबवलं, नवं पॅकिंग घातलं, नट आवळले, पुन्हा आवळले. जीव ओतून केलं काम. यातली दहा मिनिटं त्या सकाळी दिली असती तर, हे काही डोक्यातून जाईना.

मग किक मारली. गाडी नुसती फुसफुसली. दुसरी, तिसरी, दहावी. छे! तासाभरापूर्वी हीच गाडी गल्ली दणाणून सोडत घरी आली होती. बदललं काय, तर एक सायलेन्सर. त्याने एका हाताने किक दाबली आणि दुसरा तळवा सायलेन्सरच्या तोंडावर धरला. हवाच येईना.

म्हणजे त्या दिवशी इंजिनाला काही धाड भरलीच नव्हती. दुखणं सायलेन्सरमध्ये होतं, आणि आज सायलेन्सरबरोबर इकडे आलं होतं.

त्याने तार वाकवून आकडा केला, आत घातला, ओढला. काजळीने माखलेलं काहीतरी सरकत बाहेर आलं. मोजा. एवढासा. वरच्या कडेला शाळेची निळी रेघ अजून दिसत होती.

आधी त्याला हलकं वाटलं. आठ महिन्यांचं ओझं एकट्याचं नव्हतं तर! आणि लगेच त्या हलकं वाटण्याची इतकी लाज वाटली, की मान वर करवेना. बाबाने एक दिवस घरी राहावं, एवढंच हवं असणार पोरीला. त्यासाठी सात वर्षांच्या डोक्याला जे सुचलं ते तिने केलं.

त्याने मान वर केली. मिठू उठून उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात वहिनी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. फिटरने मोजा मुठीत दाबला.

"सापडलं का काही? काय झालं होतं हो हिला त्या दिवशी?" वहिनींनी विचारलं. "रोज विचार करते मी. कधी नाही ती त्याच दिवशी कशी बंद पडली?"

एरवी फिटर खोटं बोलायला लागला की ततपप व्हायचं. आज एका दमात बोलला.

"माझीच चूक, वहिनी. आदल्या दिवशी प्लग मीच साफ करून बसवला होता. नीट बसला नव्हता. आत्ता कळलं."

वहिनींनी पुढे केलेला हात मागे घेतला, पेल्यातलं पाणी पायरीखाली ओतलं आणि आत गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. दिवसाढवळ्या ते दार कधी लागत नसे.

फिटरने पाने गोळा करायला घेतले. मूठ न उघडता, एकाच हाताने. मिठू पायरी उतरून आली. त्याच्या बंद मुठीवर तिने हात ठेवला.

"आत अजून एक आहे," ती कुजबुजली. "मी रोज काढायला बघायचे, काका. माझा हात पोचत नाही."