प्रयत्नांची शर्थ

तिची पाळी सगळ्यात शेवटी होती, आणि ती मुद्दामच शेवटी ठेवली होती. बाकीचे काय शिकलो ते सांगतील, तू का आलीस ते सांग, असं समन्वयक बाई म्हणाल्या होत्या. घरी जाताना लोक तेच घेऊन जातात.

बालरुग्ण विभागातल्या उन्हाळी प्रशिक्षणाचा तो समारोप होता. पुढे लहान मुलांचं डॉक्टर व्हायचंय अशा कॉलेजातल्या मुलामुलींना सुट्टीभर वॉर्डात डॉक्टरांच्या मागे फिरू द्यायचं, वर विद्यावेतनही द्यायचं, आणि खर्च एका विश्वस्त संस्थेने उचलायचा, अशी ती योजना. विश्वस्त पहिल्या रांगेत बसले होते. यंदा या मुलांपैकी एकाचं पुढचं सगळं शिक्षण संस्था करणार होती. कोणाचं, ते आज ठरायचं होतं.

तिचे वडील शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आई आली नव्हती. या इमारतीच्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही, असं तिने एकदाच म्हटलं होतं आणि आजवर पाळलं होतं.

माईकपाशी जाऊन तिने धाकट्या भावापासून सुरुवात केली. तो पहिलीत होता. बुटांच्या नाड्या बांधायला नुकताच शिकला होता आणि घरातल्या सगळ्यांच्या बुटांना गाठी मारत सुटायचा. लोक हसले. मग त्याला ताप चढला, झटके येऊ लागले, आई त्याला उचलून याच रुग्णालयात धावली आणि आईच्या मागे ती. इथवर सगळं खरं होतं.

यापुढचं खरं असं, की ती तिघं रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत जागा नव्हती. मुलांचे डॉक्टर रजेवर होते, आणि दुसरे कोणी "बघतो" म्हणून आत गेले ते परत आलेच नाहीत. पहाटे एका नर्सने मुलाच्या नाकाशी बोट धरलं, आणि एकदम धावपळ सुरू झाली. आता धावून काय होणार, हे बाकावरच्या मुलीलाही कळत होतं. वडील रात्रपाळीला होते. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पहिल्या तालमीत तिने हे असंच सांगितलं होतं. समन्वयक बाई काही वाईट नव्हत्या, ऐकताना त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. मग म्हणाल्या, "खोटं बोल असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या पंगतीला बसायचं, त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत." आणि त्यांनी तिला एक वाक्य देऊ केलं.

ते वाक्य गाळायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं. बाकाचं बोलायचं नाही, पण ते वाक्यही बोलायचं नाही. मधलं सगळं ओलांडून थेट 'म्हणून मला मुलांची डॉक्टर व्हायचंय' इथे पोचायचं. पण ती त्या जागी आली तेव्हा सभागृह चिडीचूप झालं होतं. विभागप्रमुख चष्मा काढून तिच्याकडेच बघत होते.

"डॉक्टरांनी रात्रभर प्रयत्नांची शर्थ केली," ती म्हणाली. आणि मग, कोणी न सांगता, "एका डॉक्टरांनी तर त्याचा हात शेवटपर्यंत सोडला नाही."

तो हात आईने धरला होता.

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एक वयस्क बाई उठून उभ्या राहिल्या, त्यांच्या मागोमाग सगळी रांग. चहाच्या वेळी विभागप्रमुखांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निवड तिचीच झाली असं सांगून टाकलं. तिने चहाचा कप तसाच भरलेला खाली ठेवला.

वडील आवारात थांबले होते. ते रागावतील, मग आपण मान खाली घालून ऐकून घेऊ, अशी तिने मनाची तयारी केली होती. पण त्यांचे डोळे लाल झाले होते आणि चेहरा इतका निवांत होता, की तिला तो क्षणभर ओळखीचाच वाटला नाही.

"बरं झालं बाळा, सांगितलंस," ते म्हणाले. "तू होतीस तिथे, पण तुला विचारायचा मला कधी धीरच झाला नाही. तुझी आई म्हणत आली, पोराला कोणी हातसुद्धा लावला नाही. मी तेच धरून बसलो. आपण असतो तर कोणाला तरी ओढून आणलं असतं, असं म्हणत इतकी वर्षं स्वतःला खात राहिलो. तिचा तरी काय दोष? तेव्हा ती भानावर कुठे होती."

"बाबा, ते भाषणात..." ती सांगू लागली.

"छान बोललीस," ते म्हणाले. फोन त्यांनी केव्हाच काढला होता. घरी लावून चालता चालता ते आईला सांगू लागले. रात्रभर, प्रयत्नांची शर्थ, शेवटपर्यंत हात. तिचेच शब्द, एकही न चुकता. वाटेतल्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने.

फाटकाशी ते थांबले. मग फोन कानापासून दूर धरून त्यांनी पाहिलं. तो चालू होता.

"काही बोलतच नाहीये," ते म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला. "घे, तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की पटेल तिला."