हंगामाची हजामत

१८९२ साली ओहायोतल्या आमच्या कॉलेजात फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून एकमेकांच्या अंगावर धडकणं. डोक्याला टोप कुणालाच नसायचा. म्हणून जूनपासून केस वाढवायचे आणि शेवटचा सामना झाला की सगळ्यांनी मिळून न्हाव्याकडे जायचं, असा आमचा नेम होता.

त्या वर्षी आम्ही सातही सामने हरलो. तिसऱ्या सामन्यात ऑरिनच्या डोक्यात कुणाचा तरी गुडघा बसला. आम्ही मोजून अकरा जण, बदली गडी नाही आणि कॅप्टन मी. "ऊठ रे, थोडाच वेळ राहिलाय," असं म्हणून मीच त्याला उभा केला. तो शेवटपर्यंत खेळला. पुढच्या सामन्यांना त्याच्या जागी गणिताचे मास्तर उतरले.

हंगाम संपला तेव्हा न्हावी आम्हाला बघून हसला, "आली मेंढरं कातरायला!" आमचं उरकल्यावर मी त्याला ऑरिनच्या घरी घेऊन गेलो.

ऑरिन खिडकीशी बसला होता. केस पार डोळ्यांवर आलेले. कात्री दिसताच त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"कुणाला हातच लावू देत नाही," त्याची आई म्हणाली. "तुझं ऐकतो तो. तूच सांग बाबा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ऑरिननंच हळूच विचारलं,



"कॅप्टन, थोडाच वेळ म्हणाला होतास ना? अजून किती राहिलाय?"