अकरा वेळा वाजलेला भोंगा

"ऐका," रॉयस लिंडग्रेन म्हणाला आणि त्याने नळी झटक्यात उपटली.

भोंगा किंचाळला. मिलवॉकीच्या त्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या काचा थरथरल्या. भुलीच्या यंत्रातून रुग्णाला श्वास पुरवणारी नळी सुटली की हा भोंगा बोंबलायचा. रॉयसने तो स्वतःच्या हाताने घडवला होता. रुग्णाच्या छातीच्या जागी रबराची पिशवी होती. सुटलेली नळी स्टीलच्या टेबलाच्या कडेवरून मोकळी लोंबत होती.

"अकरावी वेळ," तो परवाना मंडळाच्या टेट साहेबांना म्हणाला. "अजून किती ऐकवू? भोंग्याला वाचा आहे, साहेब. बाईंना कान नाहीत."

बाई म्हणजे डोलोरेस कुबियाक. सव्वीस वर्षे भूल देण्याचे काम केलेली नर्स. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत शस्त्रक्रिया चालू असताना एका पाववाल्याची नळी सुटली आणि तो पुन्हा उठला नाही. भोंगा वाजलाच नाही, असे तिने लिहून दिले. भोंग्यात काही खोट नाही, असे रॉयसने लिहून दिले. तिचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा, हे टेट आज ठरवणार होते.

रॉयसला नर्सांची किळस होती. चांगल्या यंत्राची माती करण्यासाठीच देवाने ही जात जन्माला घातली, असे तो उघड म्हणे.

"खरं सांगा, बाई. डुलकी लागली होती, की गप्पा रंगल्या होत्या?"

डोलोरेसने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती टेटना म्हणाली, "एकदा मी सोडू का नळी?"

"सोडा की!" रॉयस हसला. "तेवढं तुम्हाला छान जमतं."

तिने नळी जोडली. पिशवी फुगू लागली, बसू लागली. मग तिने अंगातला लोकरी स्वेटर काढला आणि टेबलावर पसरला.

"अहो, उचला ते! इथे कापड चालत नाही. धागे उडतात. एकवीस वर्षांत या टेबलावर मी चिंधी पडू दिली नाही."

"आमच्या टेबलावर उशी असते, चादरी असतात," ती म्हणाली. "माणूस त्यांच्याखाली झाकलेला असतो. सुटलेली नळी त्यांच्यावरच पडते."

तिने नळी काढली आणि स्वेटरवर टाकली. नळीचे तोंड लोकरीत रुतले.

रबराची पिशवी चपटी झाली. रॉयस भोंग्याकडे बघत राहिला. भोंगा गप्प होता. टेटनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. एक मिनिट गेले. दुसरे गेले. लोकरीत कोंडलेल्या हवेचा दाब यंत्राला छातीचा वाटत होता. यंत्राच्या तबकडीवरचा काटा चढत होता, उतरत होता. हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

रॉयसचा हात हळूच नळीकडे सरकला.

"हात मागे घ्या," डोलोरेस म्हणाली.

चार मिनिटे झाली तेव्हा टेटनी विचारले, "काय म्हणतंय तुमचं यंत्र, मिस्टर लिंडग्रेन?"

मग डोलोरेसच वाकली आणि तिने तबकडी वाचली.

"श्वास नियमित चालू आहे," ती म्हणाली. "स्वेटरची तब्येत उत्तम आहे."