जमनीची लेंगी

कापसाची गाडी उलटली तेव्हा जमनीच्या बरगड्या मोडल्या. हाडं सांधली, पण गाताना श्वास ओळीच्या मधेच तुटायचा. आणि तांड्याची होळी तर तोंडावर आलेली. होळीच्या नाचाची लेंगी, म्हणजे फेराचं गाणं, जमनीच उचलायची. तिच्यामागून सारा तांडा तीच ओळ म्हणत फेर धरायचा.

"याडी, मले भेव लागते," ती आईला म्हणाली. "मी मधातच थांबली तं सगळ्यायचे पाय थांबतीन. सणाच्या दिवशी!"

"थांबले तं थांबले. पाय का पळून जातीन?"

तांड्याच्या रीतीप्रमाणे पहाटे होळी पेटली, डफ घुमला. जमनीनं ओळ उचलली आणि अर्ध्यावर श्वास तुटला. डफ गप्प झाला. भीतीनं डोळे मिटून, छाती दाबून, तिनं उरलेली ओळ कशीबशी पुरी केली. मग तांड्यानं ओळ घेतली. जमनीचा श्वास तुटला होता अगदी तिथंच सारा फेर थांबला, एक पाय धाडकन आपटला, आणि पुढं गेला.

पुढच्या होळीपर्यंत जमनीचा श्वास मोकळा झाला होता. तरी भीत भीतच तिनं सुरुवात केली. ओळ एका दमात, अखंड वाहत गेली, आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. सारा फेर विस्कटला. जमनीचा हात पुन्हा छातीवर गेला. आता काय तुटलं?

फेरातून याडीच ओरडली, "काहून वं पोरी, आमची पाय आपटाची जागा गिळली तू?"