मऊ पट्टी

"वाकव बघू!" द्वारकाबाईंनी भट्टीतून निघालेली धातूची पट्टी सुनेपुढे धरली. ती जरा वाकताच पापडासारखी मोडली. "सकाळी हीच मी बोटाला गुंडाळली होती. चांगला माल तुझ्या माहेरच्या कारखान्याला गेला आणि हा कचरा माझ्या ट्रान्सफॉर्मरला, होय ना गं?"

"पट्टी तीच आहे, आत्या," उर्मिला म्हणाली. "तुमच्या देखत दुसरी तापवते."

द्वारकाबाईंनी नवी गुंडाळी मऊ आहे ना, हे वाकवून पाहिलं, स्वतःच्या हातानं भट्टीत ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. निवल्यावर त्यांनीच पट्टी ओढली. ती कटकन तुटली.

"तूप निवताना रवा धरतं, तसा हिच्यात तापताना धरतो. फक्त डोळ्यांना दिसत नाही," उर्मिला म्हणाली. "त्यानं पट्टी ठिसूळ होते, पण ट्रान्सफॉर्मर तापत नाही. भट्टीतून मऊ निघाली, तर समजायचं रवा धरलाच नाही."

द्वारकाबाईंना जुना माल आठवला. उर्मिलेच्या आधी भट्टी त्यांच्या लेकाकडे होती. त्याचा माल लोण्यासारखा मऊ निघायचा. गिऱ्हाइकांना त्या तो कौतुकानं वाकवून दाखवायच्या. ट्रान्सफॉर्मर तापतोय म्हणून कुणी परत आणला, तर वर त्यालाच चार शब्द ऐकवायच्या.

कोपऱ्यात उभा असलेला लेक मोबाइलमध्ये मान घालून हळूच दाराकडे सरकत होता.

"रणधीर, थांब," त्या म्हणाल्या. "तुझ्या वेळी ही भट्टी तापत होती, का नुसती शोभेला ठेवली होतीस?"