गाईचं पान

चारुलताचं लग्न झालं त्याच वर्षीची, त्र्याण्णव सालची सर्वपित्री अमावास्या. तिचे वडील प्रभाकर दिघे सकाळी आठपासून गाईंच्या निवाऱ्याच्या बंद फाटकाशी उभे होते आणि लोकांना परत पाठवत होते.

राम घाटावर तर्पण आटोपून लोक ऑटोनं थेट इकडे येत होते. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं पान होतं. खीर, पुरी, वडे, भात. गेलेल्यांच्या नावानं गाईला पान घातल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. फाटकावर प्रभाकररावांनी मराठीत आणि हिंदीत पाटी लावली होती : शिजवलेलं अन्न गाईंना घालू नये. पाटी सगळे वाचत होते आणि वाचून झाल्यावर फाटक वाजवत होते.

गेल्या वर्षी याच दिवशी फाटक उघडं होतं. दोन दिवसांत तीन गाई पोट फुगून मेल्या. बँकेतून निवृत्त होऊन प्रभाकररावांनी निवारा हाती घेतला, त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

यंदा त्यांचा जीव यमुनेत अडकला होता. यमुना म्हातारी पांढरी गाय. टॉवर चौकात हल्ली प्रत्येक दुकानदार प्रत्येक गोष्ट पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, घालून देतो. त्या पन्न्या उकिरड्यावर जातात आणि तिथून गाईंच्या पोटात. अठरा दिवसांपूर्वी निवाऱ्याचे डॉक्टर श्रीधर यांनी तिचं पोट फाडून घमेलंभर पन्न्या काढल्या होत्या. टाके अजून ओले होते. "फक्त सुकं गवत," डॉक्टरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. "शिजवलेलं पोटात गेलं तर मी काही करू शकणार नाही." म्हणून तिला ऑफिसमागच्या शेडमध्ये एकटीला बांधलं होतं.

"प्रभाकर, एकच पान आहे रे," गोपाळकृष्ण वकील गजांमधून म्हणाले. ते प्रभाकररावांच्या वडिलांच्या मित्रांपैकी. "आमच्या नानांचं. एका पानानं काय होतंय?"

"काका, मागे वळून बघा. सगळे एकेकच पान घेऊन उभे आहेत."

"तुझे वडील असते तर मला असं दारातून परत पाठवलं असतं?"

प्रभाकररावांनी पाटीकडे बोट दाखवलं. वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मागून स्कूटरवरचा एक जण ओरडला, "अरे भैया, गाय क्या तुम्हारे बाप की है?"

रांग हसली. प्रभाकररावांचे कान लाल झाले. "अंदर कुछ नहीं जाएगा," ते म्हणाले. सकाळपासून हेच वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं होतं, त्यांचं त्यांनाच माहीत. आवाज बसला होता. तीन ठिकाणी पाट्या लावल्या, वर्तमानपत्रात निवेदन दिलं, देवळांतल्या पुजाऱ्यांना जाऊन भेटले. एकानंही ऐकलं नव्हतं.

दुपारी चौकीदार विनायकनं खुर्ची आणून दिली. "साहेब, डबा तरी खाऊन घ्या. सहाला आलात तुम्ही."

"भूक नाही."

चारच्या सुमारास गर्दी पांगली. लोक पानं फाटकाबाहेरच ठेवून गेले होते. त्यांवर कावळे आणि कुत्री तुटून पडली होती. प्रभाकररावांनी कुलूप ओढून पाहिलं. यंदा जमलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात शेडकडून अहल्याबाई धावत आली. गाईंचं शेण-पाणी वीस वर्षं तीच बघत होती.

"साहेब, यमुना बसली. उठतच नाही."

यमुनेची डावी कूस ढोलासारखी ताणली होती. नाकाशी फेस होता. डॉक्टर श्रीधर गुडघ्यांवर बसून तिच्या घशातून नळी घालत होते. नळीतून वारा सुटला. आंबट वास आला, आणि त्यात वेलदोड्याचा.

प्रभाकररावांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "फाटक मी एक मिनिट सोडलं नाही. आत कोणी आणलं?"

विनायक दोन पावलं मागे सरकला.

"विनायक?"

"मागच्या दारानं, साहेब. एकच पान. आईचं." विनायक जमिनीकडे बघत होता. "बाकीच्या गाई शिंगं मारतात. ही हातातून घेते."

अहल्याबाईनं पदर तोंडाला लावला. "माझंबी एकच. मालकाचं."

"सांगून सांगून घसा फुटला माझा," प्रभाकरराव म्हणाले. "बाहेरच्यांच्या शिव्या खाल्ल्या दिवसभर. आणि तुम्ही घरातलीच माणसं? डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना काहीतरी."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. एक हात यमुनेच्या कुशीवर होता.

"आमची मंडळी आली होती सकाळी," ते म्हणाले. "मी म्हटलं, थोडंसंच घाल."

प्रभाकररावांनी तोंड उघडलं. काय बोलायचं होतं ते ओठांवर आलंही होतं. पण अहल्याबाई आधी बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. रोजचं काम सांगावं तसं ती म्हणाली.

"साहेब, तुमचा डबा धुऊन ठेवलाय टेबलावर. सकाळी हिच्या गव्हाणीत राहिला होता."

विनायकनं पाणी आणलं. अहल्याबाईनं यमुनेचं डोकं मांडीवर घेतलं. प्रभाकरराव तिच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिले, आणि तिनं सवयीनं एकदा त्यांचा तळहात चाटला.

यमुना सर्वपित्री अमावास्येला, दिवेलागणीच्या सुमारास गेली. त्या दिवशी फाटकातून एकही पान आत गेलं नव्हतं.