भरल्या घरातला शब्द

शके २०१२, फाल्गुन वद्य पंचमी. स्थळ लातूरची अन्नवसाहत. रिकाम्या डब्याचे झाकण लावताना गोदाक्का सवयीने म्हणाल्या, "तांदूळ वाढले गं."

सुनेने, मृदुलेने, दचकून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. धान्य सर्वांना पुरावे म्हणून बसवलेले भिंतीवरचे यंत्र घराघरातले बोलणे ऐकत असे आणि साठेबाजांचा शिधा कायमचा तोडत असे. त्याचा दिवा लाल झाला.

"सासूबाई, संपले म्हणा!"

"भरल्या घरात संपले म्हणू? यंत्राला कुणी वळण लावलं नाही वाटतं!"

घटकाभरात निरीक्षक आला. मृदुलेने डबा उपडा केला. दाणाही पडला नाही.

"साहेब, धान्य संपलं की आम्ही वाढलं म्हणतो."

"डबा रिकामा आहे, म्हणजे साठा तुम्ही लपवला आहे. या घराचा शिधा बंद."